चौथ्या कापडावरचं पद्म

"अगंबाई, पद्म!"

मी इतक्या मोठ्यानं म्हटलं की दारातून कंपाउंडर डोकावला. डॉक्टर नीलोफर मुजावर माझी बोटं दिव्याखाली धरून बघत होत्या. त्यांनी बोटं सोडली आणि माझी नजर होती तिकडं वळून पाहिलं. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर कुणाच्या तरी तळपायाचा मोठा फोटो होता, आणि टाचेच्या वर, खळग्याच्या कडेला, काळाभोर डाग.

"कसलं पद्म?" त्यांनी विचारलं.

"हे काय, पायावरचं. आमच्या बुवांना अगदी असंच आहे. कुठल्या महाराजांचा फोटो हा?"

"महाराज नाहीत हो. जतकडच्या एक बाई आहेत. कॉलेजच्या मुलांना शिकवायला घेतलाय फोटो." त्यांनी स्टूल जवळ ओढलं. "बुवा म्हणजे कोण?"

"विश्वंभरबुवा टाकळीकर! मिरजेत राहून तुम्ही बुवांचं कीर्तन ऐकलं नाही?"

"आमच्याकडं कव्वाली," त्या हसल्या. "आजोबा दर्ग्यात सेवेला होते. पण पद्म म्हणजे काय ते सांगा मला."

मी सांगितलं. देवाच्या पायावर कमळाची खूण असते, तिला पद्म म्हणतात. फार मोठ्या पुण्याईच्या माणसाच्या तळपायावरही ती उमटते. साठी गाठलेल्या आमच्या बुवांच्या उजव्या पायावर ती आहे आणि आमचा सगळा भाग, सगळी ब्राह्मणपुरी, तिच्या दर्शनाला येते.

"जन्मापासून आहे?"

"छे! चार वर्षांपूर्वी उमटलं. सगळ्यांत आधी मीच पाहिलं."

"आणि वाढलंय का?"

"हो तर! दरवर्षी वाढतंय," मी म्हटलं. म्हणताना हात जोडले होते मी.

 डॉक्टरांनी माऊस फिरवून फोटो आणखी मोठा केला.

"शरयूताई, तळपायावर बारीक रेघा असतात. शेतात सरी-वरंबे असतात ना, तशा. साधा तीळ असला तर त्याचा रंग सरीत बसतो. या बाईंचा बघा. रंग वरंब्यावर चढलाय. हा तीळ नाही. मेलानोमा म्हणतात याला. कातडीचा कॅन्सर."

मी फोटोकडं बघत राहिले. वरंब्यावर चढलेला रंग मला स्पष्ट दिसत होता. रंगच बघत जन्म गेला माझा. भरतकाम हा माझा धंदा.

"बुवांना तेच आहे असं मी न बघता म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण साठीच्या माणसाच्या तळपायावर नवा डाग, तोही वाढणारा. मला बघितलाच पाहिजे. उद्या आणा."

"उद्या पाडवा. रामनवमीपर्यंत नऊ दिवस बुवांचं कीर्तन आहे."

"मग आज आणा."

"या बाई... त्यांचं काय झालं?"

"उशिरा आल्या," एवढंच त्या म्हणाल्या आणि माझ्या बोटांसाठी मलम लिहून दिलं. तो कागद मी टेबलावरच विसरले.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. त्या दुपारी दवाखान्यातून बाहेर पडले तर रिक्षा करायचं सुचेना. ऊन मी म्हणत होतं आणि मी चालत सुटले होते, बुवांच्या घराच्या दिशेनं चार पावलं, मग परत आपल्या घराच्या दिशेनं दोन.

मी लहानपणापासून कीर्तनवेडी. लग्न ठरताना मुलगा कीर्तनात पेटी वाजवतो एवढं ऐकून मी होकार दिला. पगार वडिलांनी विचारला. ह्यांनी वीस वर्षं बुवांना साथ केली आणि मी वीस वर्षं बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसून बुवांची पावलं पाहिली. बुवा उभे राहिले की उजवी टाच तालात आपटत. आख्यान रंगात आलं की गिरकी घेऊन त्याच टाचेवर थांबत, आणि सगळा सभामंडप श्वास धरायचा.

गुरुपौर्णिमेला आमच्या घरी त्यांची पाद्यपूजा. मी परातीत पाय धुवायचे. मग कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून ते पांढऱ्या कापडावर ठेवायचे आणि तो चरणठसा देवघरात जायचा. त्या दुपारच्या चार वर्षं आधीच्या पूजेत उजव्या पायावर मला काळा ठिपका दिसला. वाटलं, बुका चिकटलाय. कीर्तनात बुका लावतात, उधळतात, तो पायाखाली येणारच. मी चोळला.

"अगं शरयू, पाय धुतेस की पातेलं घासतेस?" बुवा म्हणाले.

"बुका जात नाहीये, बुवा."

"मग तीळ असेल."

"या वयात तीळ? तोही तळपायावर?" आणि मग मला सुचलं. कुठून सुचलं कोण जाणे, पण सुचलं ते माझ्याच तोंडून बाहेर पडलं. "पद्म आहे हे!"

घरातली सगळी माणसं परातीभोवती जमली. "चढवू नकोस गं मला, उतरताना त्रास होतो," बुवा म्हणाले खरे, पण त्यांनी पाय वाकवून बघायचा प्रयत्न केला. पोट आड आलं, तेव्हा आरसा मागितला. आरशात बराच वेळ बघत राहिले.

त्या वर्षी ठशाच्या कापडावर, टाचेजवळ, मी तो ठिपका रेशमानं भरला. जसा दिसला तसा, त्याच मापाचा. पुढच्या वर्षी पुन्हा. कापडं हातोहात फिरली, बोलबाला झाला. कीर्तनाच्या मध्यावर बुवांना हार घालून बुका लावतात, तेव्हा बुवा चौरंगावर बसून उजवा पाय पुढं करायला लागले. लोक रांगेनं यायचे, कुणी परीक्षेला बसणाऱ्या पोराला आणायचं, कुणी सुनेला. चौथ्या वर्षीचं कापड तर देवळाच्या कारभारी मंडळींनी काचेत बसवून खांबावर लावलं.

त्या दुपारी मी शेवटी पोचले, तेव्हा बुवा ओसरीवर ज्येष्ठमध चघळत बसले होते. गळा जपायचे ते उत्सवाच्या आधी.

"ये ये. एवढ्या उन्हात? पेटीवाल्यानं हाकलून दिलं की काय?"

"बुवा, एका डॉक्टरांना पाय दाखवायचाय तुमचा. आत्ता."

"पायाला काय झालंय?"

"पद्म."

ते हसले. मग माझ्या तोंडाकडं पाहून थांबले. "कसले डॉक्टर?"

"कातडीच्या. त्यांच्याकडं फोटो आहे, बुवा. एका बाईचा पाय. अगदी असंच."

"मग भाग्याची बाई!"

"त्या उशिरा आल्या म्हणे."

ज्येष्ठमधाची काडी त्यांनी तोंडातून काढली. आतल्या दाराशी माई, बुवांच्या पत्नी, तांदूळ निवडत होत्या. सूप थांबलेलं मला ऐकू आलं.

"शरयू, पद्म आहे असं कोण म्हणालं होतं?"

"मीच."

"आणि आज?"

"चुकलं असेल माझं."

"असेल?" कीर्तनकाराचा कान तो. "असेल म्हणजे तुलाच खात्री नाही. लोक उद्या लांबून लांबून येतील. त्यांना काय सांगू, एका भरतकामवालीला शंका आली?"

"नुसतं बघतील हो त्या. भिंगातून."

"बिघडत असतं तर मला कळलं नसतं? तुझीच कापडं बघ ना. पहिली तीन वेडीवाकडी. चौथं कसं आहे? गोल, आठ पाकळ्या, रेषेत रेष. खरंखुरं कमळ. दुखणं असं सुबक होत जातं का कधी? मी रोज देवळात जाताना बघतो ते. तू भरलंयस ना?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"भरलंयस ना तू?"

"हो."

"मग झालं तर. नवमी होऊ दे, तुझ्या समाधानासाठी येईन."

मी पायऱ्या उतरले. माई मागून आल्या, हातात सूप तसंच.

"काय म्हणत होतीस गं डॉक्टरांचं?"

"माई, तुम्ही तरी बघितलंय का जवळून?"

"मी?" त्या हसल्या, पण ते हसू बरं नव्हतं. "त्या पायाला हात लावायला रांग असते बाई. माझा नंबर कधी यायचा?" मग आवाज खाली आणला. "संक्रांतीपासून चादरीवर डाग पडतात. रक्ताचे. विचारलं तर म्हणाले, खडा टोचला. दोन महिने कुठला खडा टोचतो?"

घरी आले. उत्सवासाठी रामाचा शेला भरायला घेतला होता, तो पुढं ओढला. सुईत दोरा जाईना. बोटांची सालं गेलेली होती. तीनदा ओवला, तीनदा निसटला. उठून चहा ठेवला, तो उतू गेला. शेवटी देवघरातलं कपाट उघडून पद्म भरलेली तिन्ही कापडं जमिनीवर मांडली.

पहिल्यावर तुरीच्या डाळीएवढा ठिपका, चॉकलेटी रेशमाचा. दुसऱ्यावर शेंगदाण्याएवढा, चॉकलेटी आणि काळा असे दोन दोरे घेतले होते मी. तिसऱ्यावर रुपयापेक्षा मोठा, एका बाजूला शेपूट फुटल्यासारखा. चॉकलेटी, काळा, आणि कडेला निळसर करडा. त्या करड्यासाठी मी सांगलीची तीन दुकानं पालथी घातली होती. रंग जुळल्याशिवाय टाका घालायचा नाही, ही माझी खोड.

हे बाजूला बसून वाजवायची पेटी पुसत होते. त्यांनी मान वाकवून बघितलं.

"रांगोळीचं प्रदर्शन मांडलंयस का?"

मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांच्या हातातलं फडकं थांबलं.

"तू दिलंस पद्म, आणि आता तूच काढून घेणार? मंडळी दारात उभं करतील आपल्याला? आणि बुवा म्हणाले ते काय खोटं आहे? चौथं सुबक आहेच की."

"अहो..."

"काय?"

"काही नाही."

मी पायात चपला सरकवल्या आणि देवळाकडं निघाले. उद्याच्या उत्सवाची तयारी चालली होती, कुणी पताका बांधत होतं, कुणी सतरंज्या झटकत होतं. मी खांबापाशी उभी राहिले. काचेआड आठ पाकळ्या. काळंशार रेशीम, कडेला सोनेरी जर. माझ्या हाताचं त्याच्याहून चांगलं काम मी आजवर केलेलं नाही. एक म्हातारी आली, काचेला हात लावून तो हात डोळ्यांना लावला आणि मला म्हणाली, "बाई, सरका की जरा. तुमचंच दर्शन चाललंय मघापासनं."

मी सरकले.

पाडव्याला संध्याकाळी सभामंडप भरून बाहेर चपलांच्या ढिगापर्यंत माणसं बसली होती. देवळाच्या बाजूच्या खोलीत बुवा पागोटं बांधत होते. एकटेच होते. बाहेर ह्यांनी पेटीचा सूर धरला होता, तबलजी हातोडीनं ठोकत सूर मिळवत होता. कीर्तन सुरू व्हायला दहा मिनिटं होती. मी दार लोटून आत गेले आणि तीन कापडं त्यांच्यासमोर चौरंगावर एकापुढं एक ठेवली.

"आत्ता नाही, शरयू."

"आत्ताच, बुवा. पहिलं बघा. दुसरं बघा. तिसरं बघा."

"बघितलीत मी. आणि चौथं?"

 बाहेर तबल्याचा सूर चढत चढत पेटीच्या सुरापाशी आला होता आणि मिळत नव्हता.

"चौथं खोटं आहे."

बुवांचे हात पागोट्यावर थांबले.

"म्हणजे?"

"तसं नव्हतं ते. गेल्या गुरुपौर्णिमेला पाय धुतला तेव्हा मी बघितलं. फार ओंगळ दिसत होतं, बुवा. कडा फाटलेल्या. मधे उंचवटा, लालसर, ओला. मी चार रंग काढून ठेवले, सुई हातात घेतली आणि मला भरवेना. देवाची खूण अशी कशी असेल, असं वाटलं. मग मी पेन्सिलीनं वाटी उपडी ठेवून गोल काढला आणि आठ पाकळ्या पाडल्या. मनानंच. लोकांनी इतकं वाखाणलं की मीच विसरून गेले, की..." 

"विसरलीस?"

"नाही. विसरले नव्हते."

खोलीत उदबत्तीचा वास कोंडला होता. बुवा खाली चौरंगावर बसले, कापडं जरा बाजूला सारून. पागोट्याचं टोक खांद्यावर लोंबत होतं. उजवा पाय त्यांनी माझ्यापुढं केला. दर्शनाला करायचे तसा नाही. काटा रुतलेलं लहान मूल करतं तसा.

"आता काय आहे तिथं? मला दिसत नाही. तू सांग. कापडावर भरतेस तसं, एकही रंग न गाळता."

मी गुडघ्यांवर बसले. पाय मांडीवर घेतला. चार वर्षांत पहिल्यांदाच मी हात न जोडता तो बघितला.

"दोन रुपयांच्या नाण्याएवढं झालंय," मी म्हटलं. "एक अर्धं दुसऱ्या अर्ध्यासारखं नाही. खालची कड नकाशातल्या समुद्रकिनाऱ्यासारखी, आत-बाहेर. मधे काळं. डावीकडं चॉकलेटी. बोटांच्या बाजूला निळसर करडं. उंचवट्यावर गुलाबी मांस आहे आणि त्यावर खपली. खपलीच्या कडेनं रक्त येतंय, बुवा. आणि रंग... रंग वरंब्यावर आहे."

"वरंब्यावर म्हणजे?"

मी त्यांना सरी-वरंबे सांगितले. ते ऐकत होते. आख्यान ऐकणाऱ्याचं तोंड त्यांचं मी कधी पाहिलं नव्हतं. कायम ते सांगणारे.

"शरयू," ते म्हणाले, "कृष्णाच्या पायावर पद्म होतं. बरोबर?"

"हो."

"आणि व्याधाचा बाण कुठं लागला?"

"त्याच पायाला."

"पिंपळाखाली पाय पसरून बसला होता देव. तो पाय लांबून चमकला, आणि व्याधाला वाटलं हरीण. तीस वर्षं सांगतोय मी हे आख्यान. तीस वर्षं!" त्यांनी पाय खाली घेतला. "आणि मला गेली चार वर्षं कसलं कौतुक वाटत होतं, माहितीये? रांग बघायचो मी. आज किती माणसं आली, काल किती आली होती. माई म्हणाली, चादरीला रक्त लागतंय. मी तिला म्हटलं, खडा टोचला. खोटं बोलणारी तू एकटी नव्हतीस."

दारावर टकटक झाली. "बुवा, मंडळी खोळंबलीत," ह्यांचा आवाज.

"आलो." त्यांनी पागोट्याचं टोक खोचलं. "तुझ्या डॉक्टरीणबाई उद्या किती वाजता येतात?"

"नऊला."

"पावणेनऊला रिक्षा घेऊन ये. माईला बरोबर घे."

त्या दिवशी सेतुबंधनाचं आख्यान ठरलं होतं. बुवांनी ते लावलंच नाही. पूर्वरंग आटोपता घेतला. मध्यंतरात हार घातला, बुका लावला आणि लोक सवयीनं उठून रांग धरायला लागले, तेव्हा बुवा उभेच राहिले.

"आज पायाचं दर्शन नाही," त्यांनी सांगितलं. "उद्यापासूनही नाही. तिथं पद्म नाही, दुखणं आहे. मी उद्या डॉक्टरांकडं चाललोय. ज्याच्या कुणाच्या अंगावर असा डाग नव्यानं उठलाय, वाढतोय, रंग बदलतोय, त्यानं माझ्यासारखा त्याला हार घालत बसू नये."

कुणीतरी हसलं, मग कुणीच हसलं नाही. ती कालची म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "असं कसं? आम्ही बघितलंय की डोळ्यांनी! काचेत लावलंय!"

मी पहिल्या रांगेत होते. वाटलं, आता बुवा बोट दाखवतील. दाखवलं असतं तर ते बरोबरच होतं. मी उठायच्या बेतात होते.

"आजी, बसा," बुवा म्हणाले. "गोष्ट सांगतो."

आणि उत्तररंगाला त्यांनी व्याधाचं आख्यान लावलं. गिरकी नाही, टाच आपटणं नाही. एका जागी, डाव्या पायावर भार देऊन उभे. बाण सुटला. व्याध झाडीतून धावत आला, बघतो तर हरीण नाही, प्रत्यक्ष देव. तो पायावर पडला, रडायला लागला, म्हणाला मी पापी, मला मारून टाक. इथं बुवा थांबले. पेटीचा सूर तेवढा चालू होता. बुवांनी बायकांच्या बाजूला बघितलं.

"आणि देव त्याला काय म्हणाला?" त्यांनी अगदी हळू विचारलं. "भिऊ नकोस, म्हणाला. ऊठ. माझं काम केलंस तू."

पुढचं आख्यान मला ऐकू आलं नाही. माझ्या शेजारच्या बाईनं आपला पदर माझ्या हातात दिला, तेव्हा कळलं माझा भिजून गेलाय.

डॉक्टर मुजावरांनी दिव्याचं भिंग टाचेवर टेकवलं आणि बराच वेळ उचललंच नाही. मग तिन्ही कापडांवर पट्टी ठेवून मापं टिपून घेतली. "माझ्या फायलीतसुद्धा इतकी चांगली नोंद नसते," त्या म्हणाल्या. "सगळं दिसत होतं तुम्हाला." त्यांचा हेतू चांगला होता. मी खाली फरशीकडं बघत राहिले.

डागाचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते सांगत नाही. उत्सव चालू होता, बुवा खुर्चीवर बसून कीर्तन करत होते आणि मी शेल्याचे टाके घालत होते, उसवत होते. नवमीच्या आदल्या दिवशी रिपोर्ट आला. मेलानोमाच होता. जाडी पावणेदोन मिलिमीटर. डॉक्टर म्हणाल्या, जाडीवर सगळं असतं. जितका खोल, तितका वाईट. पावणेदोन मिलिमीटर म्हणजे माझा एक टाका.

"आणखी सहा महिने घालवले असते तर?" माईंनी विचारलं.

"ते नका विचारू," डॉक्टर म्हणाल्या.

नवमीनंतर चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. डागाच्या भोवतालचं दोन बोटं चांगलं मांसही काढलं, त्या खड्ड्यावर मांडीची कातडी बसवली. जांघेतली गाठ काढून तपासली; रोग सगळ्यांत आधी तिथं जातो म्हणे. आणखी आठ दिवस वाट बघणं. देवळात मी त्या दिवसांत गेले नाही. गाठ स्वच्छ निघाली, ते सांगायला हे धावत आले आणि उंबऱ्याला ठेचकाळून पडले. मी त्यांना उचलायचं सोडून देवासमोर बसले.

त्याच संध्याकाळी मी मंडळींकडून खांबावरची चौकट मागून घेतली. काच काढली, आठ पाकळ्या एकेक टाका करून उसवल्या. दोन दिवस लागले.

आषाढात गुरुपौर्णिमा आली. मला वाटलं होतं, बुवा यायचे नाहीत. काठी टेकत, माईंच्या खांद्यावर हात ठेवून आले आणि पाटावर बसले.

"परात कुठाय?"

मी परात आणली, तांब्या आणला. खाली बसणार, तोच माईंनी तांब्या माझ्या हातातून घेतला.

"सर गं. आता माझा नंबर."

त्यांनी पाय धुतला. रोज पट्टी बदलून बदलून त्यांच्या हाताला ती टाच पाठ झाली होती; कुठं दाबायचं नाही, कुठं नुसतं पाणी सोडायचं. बुवा डोळे मिटून बसले होते. धुऊन झाल्यावर मी कुंकवाचं पाणी पुढं केलं आणि पांढरं कापड अंथरलं. बुवांनी पाय ठेवला, उचलला. पाची बोटं उठली, चवडा उठला, टाच उठली. जिथं दर वर्षी मी रेशीम भरायचे, तिथं मात्र खड्ड्यामुळं कुंकू टेकलंच नव्हतं. तेवढं कापड कोरं राहिलं होतं.

"बघ नीट," बुवा म्हणाले.

डॉक्टरांनी मला एक भिंग दिलं होतं. दर तीन महिन्यांनी त्या तपासायच्या. मधल्या काळात माझ्या डोळ्यांवर त्यांचा भरवसा. मी खिडकीतल्या उजेडात पाय धरला. टाच, चवडा, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा. मग डावा पाय. मग पुन्हा उजवा.

"काय भरणार यंदा?"

"काही नाही, बुवा."

"काही नाही कसं? पुन्हा बघ. मनानं नको सांगूस."

मी पुन्हा बघितलं. हे पेटी पुढं ओढायला आले होते, ते तसेच थांबले. माईंच्या हातातला पंचा थांबला. भिंगाखाली मांडीची गोरी, परकी कातडी होती, शिवणीची पुसट रेघ होती, आणि सरी-वरंबे जिथं संपत होते तिथंपर्यंत स्वच्छ होते.

"काहीच नाही," मी म्हटलं.

बुवांनी हात जोडले, कुणाला ते मला कळलं नाही. मी सुई परत सुयांच्या गादीत टोचून ठेवली. ते कापड तसंच कोरं घडी घालून देवघरात ठेवलं. आज तिथं अशी सोळा कापडं आहेत.